काय म्हणून राहिला गं?

आमच्या फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणाल्या, "टीचर, तुम्ही लिहाच. या आजाराच्या लोकांना धीर येईल." धीर म्हटलं की मला आधी राग येतो. दवाखान्यात लोकांनी मला इतका धीर दिला की शेवटी शेवटी दारात कुणी दिसलं की मी झोपेचं सोंग घ्यायची. तरी उपयोगाचं आहे ते आधी सांगून टाकते. या आजारातून बहुतेक माणसं उठतात. वेळ लागतो, जीव मेटाकुटीला येतो, पण उठतात. मी उठले. ज्यांना धीरच हवा असेल त्यांनी इथंच थांबलं तरी चालेल. पुढचं माझं आहे.

मुंग्या

माझी शाळा चाकूरजवळच्या एका गावात, घर लातूरला, रोज एसटीनं येणं-जाणं. एका सोमवारी बसमधून उतरले तर तळपायांना मुंग्या. वाटलं, बसून बसून आल्या असतील. मंगळवारी फळ्यावर भागाकार मांडताना खडू दोनदा हातातून पडला. पोरं हसली, मीही हसले. बुधवारी घराच्या तीन पायऱ्या चढताना कठडा धरून थांबले. माझे मिस्टर, प्रकाश, म्हणाले, "उपास कमी कर जरा. अंगात राहिलंय काय?" गुरुवारी सकाळी पलंगावरून उठायला गेले आणि सरळ फरशीवर बसले. पाय जागेवर होते, पण माझं ऐकत नव्हते.

दवाखान्यात डॉक्टरांनी गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय हलला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारली. तोही ढिम्म. मग त्यांनी माझ्याकडं न बघता प्रकाशना सांगितलं, जीबीएस आहे. आपल्याच शरीरातली फौज आपल्याच नसांवर उलटते. पायांपासून वर चढतं, श्वासापर्यंत जाऊ शकतं. आजच आयसीयूत घेऊ.

दुसरं कुणी असतं तर विचारलं असतं, मी जगेन ना? मी विचारलं, "डॉक्टर, मी बालासारखी होणार का?"

"बाला कोण?"

प्रकाशनी घाईघाईनं सांगितलं, "तिचा भाऊ. जन्मापासून अपंग आहे. त्याचा याच्याशी काही संबंध नाही ना, सर?"

"काहीच संबंध नाही," डॉक्टर म्हणाले.

काहीच संबंध नाही म्हणे! त्यांना काय डोंबल माहीत.

बालाची वकीलीण

बाला म्हणजे बालाजी, माझा सख्खा भाऊ. आमचं गाव हदगाव तालुक्यात, कापसाचं आणि सोयाबीनचं. वडील मी पाचवीत असताना गेले, शेती चुलते बघायचे, घरात माय, बाला आणि मी. बाला जन्मला तेव्हा बराच वेळ रडला नाही म्हणे. हातपाय आखडलेले, मान डुलती, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला नुसता घशातला आवाज वाटावा. डोकं मात्र गावातल्या कुणाहीपेक्षा तल्लख. तो माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, पण त्याला दादा म्हण असं मला कुणी कधी सांगितलं नाही. चुलतभाऊ गजानन माझ्याहून आठच महिन्यांनी मोठा, तो गजूदादा. बाला नुसता बाला.

त्याचं बोलणं मला कळायचं. कसं ते विचारू नका. एका गोधडीत वाढलो, एवढंच सांगता येईल. गावातलं कुणी ओट्यापाशी थांबलं की बाला काहीतरी म्हणायचा, आणि त्या माणसाची मान माझ्याकडं वळायची, "काय म्हणून राहिला गं?" मी कुठंही असले तरी मला हाक यायची. लगोरीचा डाव टाकून मी पळत यायची, बालाच्या तोंडाकडं बघायची आणि सांगायची. सगळं सांगायची नाही. बालाची जीभ लई तिखट. एकदा सरपंच तंबाखू चघळत उभे होते, तर बाला म्हणाला, "यांच्यापक्षा म्हैस बरी, रवंथ करताना बोलत तरी न्हाई." मी सांगितलं, "राम राम म्हणतो." सरपंच खूश होऊन गेले आणि बाला हसून हसून खाटेवरून घसरला.

गाव मला बालाची वकीलीण म्हणायचं. काय सांगू, मला तो मान वाटायचा! वर्गात माझ्याहून हुशार पोरी होत्या, गोऱ्यापान होत्या, पण कुणाला मोठ्या माणसांच्या बैठकीतून बोलावणं येत नव्हतं. मी त्याला अक्षरं शिकवली, माझ्याच पाटीवर. तो बोटानं लिहू शकत नव्हता, पण मी खोटं लिहिलं की ओरडायचा. मास्तरीण मी तिथंच झाले. हे सगळं मी अभिमानानं सांगून राहिले, कारण अभिमान होताच. पुढचं त्याच अभिमानातून झालं.

दोन मास्तर

मी बारा वर्षांची, बाला पंधरा. लातूरकडच्या एका निवासी शाळेतले दोन मास्तर गावोगाव फिरत आमच्या अंगणात आले. त्यांच्याकडं बालासारखीच पोरं होती. चाकाची खुर्ची मिळेल, वाचायला शिकेल, हाताला जमेल तसं काम शिकेल, सुट्टीला घरी येईल, असं ते सांगत होते. माय पदराचं टोक चावत उभी होती. चुलते म्हणाले, "पोराला इचारा. त्याची मर्जी."

एक मास्तर बालाच्या खाटेजवळ बसले. "काय बालाजीराव, येतोस का आमच्याकडं?"

बाला ताबडतोब म्हणाला, "येतो. आजच येतो."

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. "काय म्हणून राहिला गं?"

मला आजही कुणी विचारलं, तू तसं का केलंस, तर माझ्याजवळ एकच उत्तर आहे, आणि ते फार बारकं उत्तर आहे. तो गेला असता तर मला हाक कुणी मारली असती? मी बाराची होते, पण एवढं मला कळत होतं. मी म्हणाले, "न्हाई म्हणतो. मायला सोडून न्हाई येत म्हणतो."

बाला ओरडला. हातपाय ताणले, मान इकडून तिकडं, तोंडातून लाळ, "येतो, येतो, येतो," आणि खाटेवरून खाली. मायनं धावत जाऊन त्याला कवटाळलं. "न्हाई पाठवत रे राजा, न्हाई पाठवत, उगी." मास्तरांनाही गहिवरून आलं. लेकराचा जीव आईत अडकलाय, असं म्हणून त्यांनी चहा घेतला आणि गेले. तो जितका ओरडला तितकं माझं खोटं खरं ठरलं.

तीन दिवस तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. चौथ्या दिवशी माय रानात होती आणि त्याला लघवीला जायचं होतं. मला बोलावण्यावाचून इलाज नव्हता. त्यानं बोलावलं, मी गेले, भांडं धरलं, आणि मनातल्या मनात म्हणाले, झालं एकदाचं मिटलं. मिटलं म्हणे! इतकी मी हलकट.

आणि माय त्या दिवसापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागली, "माझ्या बालानं मला सोडलं न्हाई." तिच्या सगळ्या जिंदगीत मिरवण्यासारखी ती एकच गोष्ट होती. ती अजूनही सांगते.

लातूर

दहावी झाल्यावर मी शिकायला लातूरला गेले. हो, लातूरलाच. बालाला जिथं जायचं होतं तिथं मी गेले आणि त्याला त्याच्या वकिलिणीशिवाय ओट्यावर ठेवून गेले. निघताना तो रस्त्याकडं बघत होता. मी त्याच्याजवळ थांबले नाही, एसटीची वेळ झाली होती.

पुढं मी त्याच्यावर भाषणं केली. डी.एड.ला असताना 'माझा दिव्यांग भाऊ' या विषयावर बोलले तर निम्मा हॉल रडला. शिक्षिका झाल्यावर दरवर्षी कुणीतरी बोलवायचं. शाल, नारळ, टाळ्या. मी त्याची भाषा कशी शिकले ते सांगायची, पाटीवरची अक्षरं सांगायची. ते दोन मास्तर कधी सांगितले नाहीत.

आणि लग्नात? आमच्याकडं नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, कानपिळीला मान असतो. बाला महिनाभर तयारी करून राहिला होता. त्याची बोटं तशीही आखडलेलीच असतात. म्हणायचा, "एकदा पकडला कान तर दाजी जन्मभर सुटायचे न्हाईत." मांडवात सासरची माणसं बघितली आणि माझं मन फिरलं. मायनं विचारलं, बालाला कधी आणायचं? मी सांगितलं, "त्याला गर्दी नको म्हणतो." गजूदादानं कान पिळला. बाला आतल्या खोलीत नव्या सदऱ्यात बसून वाजंत्री ऐकत होता. फोटोत तो कुठंच नाही.

ती म्हणते

आता पुन्हा दवाखाना. आयसीयूत दुसऱ्या दिवशी हात गेले, तिसऱ्या दिवशी श्वास. गळ्याला भोक पाडून नळी बसवली, नाकातून दुसरी नळी पोटात. चेहराही सैल पडला, ओठसुद्धा हलत नव्हते. कानांना मात्र काही झालं नव्हतं, आणि डोकं जागं होतं. जीबीएसबद्दल हे लोकांना माहीत नसतं. तुम्ही दगडासारखे पडलेले असता आणि तुम्हाला सगळं कळत असतं. नातेवाइकांनो, पेशंटच्या उशाशी उभं राहून त्याच्याबद्दल 'तो' आणि 'ती' करून बोलू नका. एवढं एक ऐकाच.

डोळे हलत होते. एकदा दाबून मिटले की हो, नजर वर नेली की नाही, असं ठरलं होतं. पण हो-नाहीसाठी आधी कुणी नीट प्रश्न विचारावा लागतो. प्रकाश वाईट माणूस नाही. कॉलेजातली क्लार्कची नोकरी सांभाळून दोन्ही वेळा यायचे, चेहरा उतरलेला, दाढी वाढलेली. पण चार-पाच दिवसांत त्यांना सवय लागली. सिस्टर विचारायच्या, "काय म्हणतात मॅडम?" आणि हे सांगायचे, "ती म्हणते, ठीक आहे." मी काही म्हटलेलं नसायचं. माझी टाच चादरीत मुडपून आगीसारखी जळत असायची आणि मी ठीक आहे म्हणत असायची.

आमची मुलगी श्रावणी बारावीला. मला ती हवी होती. तिचं नाव निघालं की मी डोळे मोठे करायची, पाणी यायचं. आणि प्रकाश फोनवर तिला सांगायचे, "आई म्हणते, तू इकडं येऊ नकोस, अभ्यास कर." माझ्यासमोर उभं राहून! मी नजर वर, वर, वर नेत राहिले, त्यांनी छताकडं बघितलं आणि सिस्टरांना पंखा कमी करायला सांगितलं.

हे मी केलं होतं. अगदी असंच. फक्त प्रकाश चांगल्या मनानं करत होते.

बरं काहीच नव्हतं असं नाही. आयसीयूत एक मावशी होत्या, उदगीरकडच्या, बोलण्यात मधूनच कानडी शब्द यायचा. त्या रोज सकाळी कापसाचा ओला बोळा माझ्या ओठांवरून फिरवायच्या आणि केसांना तेल लावून घट्ट वेणी घालायच्या. काही विचारायच्या नाहीत, काही समजावायच्या नाहीत. त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही.

बाला आला

तीन आठवड्यांनी श्वासाचं मशीन सुटलं. मला आयसीयूतून खोलीत आणलं. गळ्यातली नळी होती, त्यामुळं आवाज नव्हता, पण ओठ थोडे हलू लागले होते. माझे ओठ कुणालाच वाचता येत नव्हते. त्या शनिवारी गजूदादानं मायला आणि बालाला गाडीत घालून आणलं. मायनं मला बघितलं आणि भिंतीला टेकून खाली बसली. एका पोराचं झालं, आता पोरीचंही, असं ती बोलली नाही, पण तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

बालाला चाकाच्या खुर्चीत माझ्या पलंगाजवळ लावलं. केस निम्मे पांढरे झालेले. मी शेवटची गावी कधी गेले होते ते मला आठवेना. तो माझ्या हलणाऱ्या ओठांकडं बघत राहिला, लहानपणी मी त्याच्या तोंडाकडं बघायची तसा.

मग त्याच्या मांडीवर बांधलेल्या फोनवर त्यानं बोटाचं पेर टेकवलं. एक-एक अक्षर. मला माहीतच नव्हतं की त्याच्याकडं असा फोन आहे. लिहिलेलं फोनमधली एक बाई मोठ्यानं वाचून दाखवते. दोन वर्षांपूर्वी गजूदादानं शिकवलं म्हणे. बाई एकदम शुद्ध बोलते, पण बाला काना-मात्रा खातो, त्यामुळं ती अडखळते.

"टच. टच दखत."

"काय टच?" प्रकाश म्हणाले.

बालानं परत सावकाश लिहिलं. "टाच दुखते. पाय सरळ करा."

सिस्टरांनी चादर काढली. टाचेला जखम व्हायच्या बेतात होती. पाय सरळ केला, खाली उशी दिली, आणि मला रडू फुटलं. मग मी ओठ हलवले आणि फोनमधली बाई म्हणाली, "पोरीला आणा म्हणते." संध्याकाळी श्रावणी माझ्या छातीवर डोकं ठेवून बसली होती.

सगळा मजला बालाचं कौतुक करायला लागला. सिस्टर माझ्याकडं बघायच्या आणि त्याला विचारायच्या, "काय म्हणतात त्या, दादा?" त्याला दादा म्हणायच्या! तो एक शब्द वाढवायचा नाही, एक गाळायचा नाही. नळीतून पातळ जेवण घालणाऱ्या नणंदेला मी मनातल्या मनात शिवी दिली, ओठ जरासे हलले असतील, तर त्यानं तीही लिहिली. नणंद दोन दिवस आली नाही. मला वाटलं, गाळायचं असतं रे बाबा थोडं. पण त्याला ते कुणी शिकवलं नव्हतं. मी त्याचं गाळत होते ते तो इतकी वर्षं ऐकत होता.

आणि खरं सांगते, मला त्याचं तिथं बसणं सोसेना. मावशी माझं अंग पुसायच्या, डायपर बदलायच्या, तेव्हा बाकीचे लोक तोंड फिरवायचे किंवा बाहेर जायचे. बालाची खुर्ची भिंतीकडं वळवली जायची, पण आवाज त्याला ओळखीचे होते. त्याच्या नजरेत दया नव्हती. दया असती तर मी सोसली असती, तिची सवय झाली होती. तो मला ओळखून राहिला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी खोलीत आम्ही दोघंच. प्रकाश औषधं आणायला गेलेले, माय कॉरिडॉरमध्ये बाकावर. फोनला हात न लावता, त्याच्या स्वतःच्या घशानं, जे जगात मलाच पुरतं कळतं त्या बोलण्यात, बाला म्हणाला, "आता तू म्हण. येतो म्हण. बघू कोण ऐकतं."

अठ्ठावीस वर्षं त्यानं ते जपून ठेवलं होतं. मला हात नव्हते की कान झाकावेत, पाय नव्हते की उठून जावं. मला राग आला. लाज नाही वाटली आधी, राग आला. मी अशी पडलेली असताना?

प्रकाश आत आले, माझे डोळे बघून घाबरले. "काय झालं? काय म्हणून राहिली ती?"

माझे ओठ हलले. बालानं बघितलं. त्याला काहीही लिहिता आलं असतं. पाणी मागते, लिहिलं असतं तरी कुणाला कळणार होतं? तो डोकं खाली घालून एक-एक अक्षर लिहू लागला, आणि त्या बाईनं तिच्या सपाट आवाजात सांगितलं, "ज्योती म्हणते, बालाला घरी पाठवा."

"अरे, काहीतरीच," प्रकाश म्हणाले. "असं कसं म्हणेल ती? ज्योती, असं म्हणालीस?"

बाला माझ्याकडं बघत होता. मी डोळे दाबून मिटले. हो.

गजूदादानं त्याला उचलून गाडीत ठेवलं. मायला काही कळेना, ती मला हात जोडत होती, त्याला हात जोडत होती, आणि त्याच्यामागं गेली. त्यानंतर टाच दुखली की दुखली.

गाव

पुढचं सगळ्यांचं असतं तसंच. नळी निघाली, आवाज आला, आधी फाटका, मग बरा. बोटं हलली. पलंगाच्या कडेवर बसले, पडले, बसले. महिनोन्महिने फिजिओथेरपी. मॅडमनी मला लहान पोरासारखं चालायला शिकवलं आणि मी त्यांच्यावर दात-ओठ खात राहिले. आता काठी घेऊन चालते. पुढच्या सत्रापासून शाळेत जाईन म्हणतात.

चालता यायला लागल्यावर मी पहिल्यांदा गावी गेले. प्रकाशना नांदेडला नातेवाइकांकडं काम होतं, त्यांनी आधी पुढं जाऊन मला गावी सोडलं. माय अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मला चालताना बघून तिनं बोटं मोडली, कडकडा वाजली, आणि ती चहा ठेवायला आत गेली. बाला ओट्यावर खुर्चीत होता. मी त्याच्याजवळ बसले, काठी बाजूला ठेवली.

"त्या दिवशी तू येतो म्हणाला होतास," मी म्हणाले. "मास्तरांना. मला नीट ऐकू आलं होतं."

"माहीत हाय," बाला म्हणाला.

"माझं चुकलं, बाला."

"मला कामून सांगून राहिलीस? मला तर माहीतच हाय. मायला सांग."

"तू का नाही सांगितलंस? फोन आहे तुझ्याकडं आता."

त्यानं मांडीवरचा फोन पेरानं उलटा केला, काच खाली. "चूक तुझी. तोंड तुझं. तू सांग. ती गावभर सांगते, बालानं मला सोडलं न्हाई. मला ते रोज ऐकावं लागतं."

माय चहा घेऊन आली. कपबश्या ठेवल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवला, आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघितलं आणि तेच विचारलं, जे सगळ्या जन्मात विचारलं, "काय म्हणून राहिला गं?"

मी सांगू शकले असते, चहात साखर जास्त घाल म्हणतो. तोंडावर आलंही होतं. इतक्या वर्षांची सवय. बाला माझ्याकडं बघत नव्हता, तो रस्त्याकडं बघत होता.

मी म्हणाले, "माय, ते लातूरचे मास्तर आलते ना, त्या दिवशी बाला येतो म्हणला होता. आजच येतो म्हणला होता. न्हाई म्हणतो असं मी खोटं सांगितलं."

मला वाटलं ती खाली बसेल, दवाखान्यात बसली तशी. मला वाटलं ती मला मारेल, आणि मारलं तर बरं होईल. मायनं बशीत सांडलेला चहा पदरानं पुसला.

"हाव," ती म्हणाली. "मला माहीत हाय."

"काय माहीत हाय?"

"नऊ महिने पोटात, पंधरा वर्षं मांडीवर. येतो एवढा शब्द मला कळणार न्हाई का गं? तो गेल्यावर, अन् उद्या तू नांदायला गेल्यावर मी एकटी काय करणार होते? तू न्हाई म्हणलीस अन् माझ्या जीवात जीव आला. म्हणलं, पोरगीच म्हणली, माझ्यावर काय आलं."

ती हे इतक्या साधेपणानं बोलली की मला हायसं वाटलं. होय, वाटलं, लपवत नाही. बाराव्या वर्षापासून डोक्यावर घेतलेलं ओझं निम्मं झालं, असं क्षणभर वाटलं. मग मी बालाकडं बघितलं. माझ्यावर त्यानं राग धरला होता, तो त्याला पेलला होता. मायबद्दल त्याला वाटत होतं की ती फसली. तिला कळलं नाही, कळलं असतं तर तिनं पाठवलं असतं, या एका गोष्टीवर तो त्या ओट्यावर इतकी वर्षं बसला होता. तीही गोष्ट मी माझं मन मोकळं करायला त्याच्याकडून काढून घेतली.

त्यानं फोन सरळ केला नाही. त्याच्या घशानंच, हळू, एक शब्द म्हणाला.

माय वाकली. "काय? काय म्हणून राहिला गं?"

तिला कळलं होतं. तरी तिनं मला विचारलं.

मी काही गाळलं नाही, काही घातलं नाही.

"दोघीबी, म्हणतो," मी सांगितलं.